चांदमारीतली बारव

माझं माहेर अकोले तालुक्यातल्या डोंगरातलं. तिथे भात पिकतो, आणि पावसाळ्याचे चार महिने पायवाटासुद्धा वाहत असतात. लग्न होऊन मी आले ती नगरच्या पलीकडे, माळावरच्या एका गावात. एकोणीस वर्षांची होते, सातवी पास.

गावाच्या तीन बाजूंना चांदमारी होती. चांदमारी म्हणजे लष्कराची गोळाबारीच्या सरावाची जागा. मैलोन्मैल माळ, मधेच टेकड्या, आणि हद्दीवर चुना फासलेले दगड. चौथ्या बाजूला एक गाडीवाट होती, तीच काय ती जगाकडे जाणारी. मधल्या टेकडीवर उंच काठी होती. तिच्यावर लाल बावटा चढला की आत माणसाने जायचं नाही, गुराने जायचं नाही. आदल्या दिवशी तलाठ्याकडे कागद येई आणि कोतवाल हलगी वाजवत गावातून फिरे. "उद्या चांदमारी हाय होऽऽ, गुरं-मानसं आत जाऊ नका होऽऽ." पहिल्या वर्षी तोफेचा आवाज झाला की माझ्या हातातली परात पडायची. पुढे पुढे भाकरी थापताना हात थांबतही नसे.

चांदमारीच्या आत, गावापासून दोन मैलांवर, एक उठवलेलं गाव होतं. माझ्या सासऱ्यांचा जन्म तिथला. ते लहान असताना सरकारने जमीन घेतली आणि माणसं चहूकडे पांगली. घरांच्या जागी आता दगडांचे ढीग होते, मारुतीच्या देवळाचा नुसता चौथरा होता. पण गावाची बारव, म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर, शाबूत होती. दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी आमच्या गावातल्या सगळ्या विहिरींना खडक लागला, टँकर येईल तेव्हा येई, तेव्हा त्या बारवेत मात्र पाणी होतं. खोल गेलं होतं, शेवटच्या पायरीच्याही खाली. दोर लावून पोहरा सोडावा लागे. पण होतं.

बायका पहाटे तिकडे जायच्या. कागदावर परवानगी नव्हती. बावटा खाली असेल तर लष्करातलं कुणी अडवत नसे, एवढंच. बावटा वर असेल त्या दिवशी दोनचार तांब्यांत घर चालवायचं.

घरातले दोघे भाऊ, म्हणजे माझे मालक आणि थोरले दीर, दुष्काळी कामावर खडी फोडायला लांब गेले होते. आठवड्याला एकदा यायचे. घरात सासरे, सासूबाई, थोरली जाऊ, मी आणि जावेचं चार महिन्यांचं बाळ. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची, सासऱ्यांना मामा, जावेला आक्का. पाणी आणायला आम्ही दोघीच. दिवाळीला माझा भाऊ मला न्यायला आला, तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "नेऊ नको बाबा. पान्याला मानूस कमी पडतंय." संक्रांतीला तो पुन्हा आला आणि तेच उत्तर घेऊन परत गेला. त्या दिवशी मी गाडीवाटेच्या कडेला उभी राहून त्याची पाठ दिसेनाशी होईपर्यंत बघत होते. मागे चांदमारी, दोन्ही हातांना चांदमारी, आणि समोरच्या एकुलत्या वाटेनं मला सोडून तो चाललेला.

ज्या दिवसाबद्दल सांगायचंय तो उन्हाळ्यातला. आदल्या संध्याकाळी दवंडी झाली होती की नऊ वाजल्यापासून चांदमारी. म्हणजे त्याआधी पाणी आणता येणार होतं. उजाडायच्या आत आम्ही दहाबारा जणी निघालो. आपापला हंडा-कळशी भरून एकेक जण वर चढली. आमच्या दोघींचं भरून झालं तेव्हा बाकीच्या निघायच्या बेतात होत्या. मी म्हटलं, "तुम्ही व्हा पुढं, आलोच आम्ही."

त्या गेल्यावर मी आक्काला म्हटलं, "आक्का, मी डोकं धुते."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "येडी का खुळी? बावटा लागंल आता."

"दीड महिना झाला डोक्याला पाणी नाही. खाजून खाजून जखमा पडल्यात. चार पोहरे फक्त."

माझा आवाज कसा होता मला आठवत नाही, पण तिने माझ्याकडे पाहिलं आणि पोहरा सोडला. बारवेच्या अर्ध्यावर एक कट्टा होता, तिथलं पाणी परत विहिरीत जात नसे. मी तिथे बसले. ती खालून पोहरा भरून आणायची आणि माझ्या डोक्यावर ओतायची. चाराचे आठ झाले. मीच म्हणत होते, अजून एक, अजून एक. माहेरी मी ओढ्यात तासन् तास डुंबलेली मुलगी. ते गार पाणी पाठीवरून गेलं आणि मला रडू आलं. किती वेळ गेला ते मला कळलं नाही. आक्काला कळलं असेल, पण तिने मला उठवलं नाही.

मी केस पिळत होते आणि बारवेतले सगळे पारवे एकदम फडफडून वर उडाले. मग आवाज आला. रोजचा गावातून ऐकू येणारा आवाज नव्हे. आधी डोक्यावरून कुणी जाड कापड टराटरा फाडत नेल्यासारखा, आणि मग पलीकडच्या टेकडीवर धडाका. पायाखालची पायरी हलली. दगडांच्या सांध्यातली माती आमच्या भरलेल्या हंड्यांत पडली.

आक्काने माझा दंड धरून मला खाली ओढलं. भिंतीत एक कोनाडा होता, दोघी जेमतेम मावतील एवढा. आम्ही त्यात शिरलो. रणगाडे एका बाजूला, निशाणाची टेकडी दुसऱ्या बाजूला, आणि उठवलेलं गाव बरोबर मधे. गोळे आमच्यावरून जात होते.

सुरुवातीला आम्ही प्रत्येक गोळ्याला देवाचं नाव घेत होतो. नंतर नाव घ्यायचंही सुचेना. थोडा वेळ शांत गेला की वाटे संपलं, आणि उठायला जावं तर पुन्हा ते कापड फाटे. गोळ्यांच्या मधल्या शांततेत पारवे परत यायचे, आपापल्या भोकात बसायचे आणि पुन्हा उडायचे. ऊन वरच्या पायऱ्यांवरून खाली खाली येत होतं. कोनाड्यात गुडघे छातीशी घेऊन बसल्याने पाय बधिर झाले होते. तहान लागली तर पाणी दहा पायऱ्यांवर होतं, आणि ते घ्यायला उठायची हिंमत नव्हती.

मग मला दिसलं की आक्काची चोळी ओली झाली आहे. बाळाच्या प्यायच्या वेळा उलटून चालल्या होत्या. ती दोन्ही हात छातीवर घट्ट दाबून बसली होती.

"दुखतंय का आक्का?"

"दगड झालेत," ती म्हणाली. "रडत असंल गं तो."

एवढंच. तुझ्यामुळे झालं, असं ती एकदाही म्हणाली नाही. ती म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं.

दुपारी बराच वेळ काहीच आवाज आला नाही. जवानांची जेवणाची सुट्टी असावी. आक्का सरळ उठली आणि पायऱ्या चढायला लागली. मी मागून धावले. वरच्या तोंडाशी आम्ही डोकं काढून बघितलं. टेकडीवर लाल बावटा तसाच. गावापर्यंतचा माळ नुसता उघडा, एक झाड नाही, एक बांध नाही.

"मी जाते," आक्का म्हणाली.

"दोन मैल आहे. मधेच सुरू झालं तर?"

"व्हऊ दे. तू बस हितंच."

मी तिचा पदर धरला. तिने हिसडा दिला. मी दोन्ही हातांनी कमरेला मिठी घातली. ती माझ्याहून दांडगी होती, तिने मला पायरीवर आपटलं, माझं कोपर फुटलं. तरी मी सोडलं नाही. "सोड," ती ओरडत होती, "माझं लेकरू हाय तिकडं, सोड मला." आम्ही दोघी तशाच झोंबत असताना बंदुकांचा कडकडाट सुरू झाला. माळावर, आम्ही ज्या वाटेने गेलो असतो तिच्या जवळच, मातीचे फवारे उडाले. आक्काचं अंग एकदम ढिलं पडलं. मी तिला ओढत खाली नेलं. मग कोनाड्यात बसून तिने भिंतीकडे तोंड करून दूध पिळून टाकलं. दगडावर पांढरं ओघळलं आणि लगेच वाळलं.

ऊन उतरलं तेव्हा आवाज थांबला. बराच वेळ आम्ही हललो नाही. मग आक्का वर जाऊन बघून आली. "बावटा उतरला." मला वाटलं ती आता धावत सुटेल. पण ती हंड्यातलं गढूळ पाणी ओतून द्यायला लागली. म्हणाली, "भर. दिवसभर घरात पानी न्हाई. रिकाम्या हातानं गेलो तर काय प्यायचं सगळ्यांनी?"

डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेऊन आम्ही बारवेबाहेर आलो आणि समोरून जीप आली. जीपमधून एक सुभेदार उतरला. आम्हाला बघून तो जागच्या जागी थांबला. साताऱ्याकडचा होता, मराठी बोलणारा.

"कुठून आलात तुम्ही?"

आक्काने बारवेकडे बोट दाखवलं.

"दिवसभर? आतच होता?" त्याचा आवाज चिरकला. "अगं बायांनो, एक गोळा आखूड पडला असता तर तुमचं बोटसुद्धा सापडलं नसतं! माझी तोफेवरची पोरं फाशी गेली असती." तो आम्हाला खूप बोलला. मग त्याने स्वतः आमचे हंडे जीपमध्ये ठेवले आणि आम्हाला चुन्याच्या दगडांपर्यंत आणून सोडलं.

दगडांपलीकडे सगळं गाव उभं होतं. सकाळपासून मामा तिथेच उन्हात बसलेले. हद्दीवर जवान नव्हता आणि लष्कराची कचेरी लांब, त्यामुळे आम्ही आत असल्याचं कुणाला कळवताही आलं नव्हतं. बाळ शेजारच्या मुसलमान घरातल्या भाभीच्या कडेवर होतं. तिचंही मूल अंगावर पीत होतं, तिने दिवसभर दोघांना पाजलं होतं. आक्काने बाळ घेतलं आणि तिथेच, सगळ्यांसमोर, मातीत बसून त्याला पदराखाली घेतलं.

आत्याबाईंनी विचारलं, "मागं का राहिलात गं?"

मी तोंड उघडायच्या आत आक्का म्हणाली, "माझ्या हातनं पोहरा सुटला. काढता काढता येळ झाला."

मी माझा हंडा उचलून डोक्यावर घेतला.

दुसऱ्या दिवशी चुन्याच्या दगडांशी बंदूकधारी पहारा बसला. बावटा असो नसो, आत कुणालाही सोडायचं नाही असा हुकूम आला. आता गावाला खरोखरच एका वाटेखेरीज काही उरलं नाही. टँकर तिसऱ्या-चौथ्या दिवशी येई, आणि आला की हाणामाऱ्या होत. घागरींवर घागरी आपटून बायकांची डोकी फुटली. आणि प्रत्येक भांडणाचा शेवट आमच्या दाराशी. "ह्या दोघींपायी झालं. हिला पोहरा धरता येत न्हाई, आन् गावाच्या तोंडचं पानी पळवलं." आक्का मान खाली घालून ऐकायची. मी तिच्या शेजारी उभी असायची, आणि माझ्या तोंडून शब्द निघायचा नाही. घराबाहेर पडावंसं वाटेना, घरातही बसवेना. माहेरी पळून जावं तर गाडीवाटेवर टँकरची वाट बघत सगळं गाव बसलेलं. त्यांच्यामधून कशी जाणार होते?

पंधरा दिवसांनी मामांनी लष्करी कचेरीला अर्ज करायचं ठरवलं. गावात लिहिणारे हात थोडे, त्यातले बरेच खडीवर. त्यांनी मला समोर बसवलं. "लिही. आमच्या सुनेच्या हातून पोहरा पडला, त्यामुळं उशीर झाला, तरी साहेबांनी माफी करावी." मी ते माझ्या अक्षरात लिहिलं. खाली आक्काचा अंगठा घेतला. शाई लावताना तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

साहेबांनी आम्हाला भेटायला बोलावलं. मामा, पोलीस पाटील आणि 'त्या दोन बायका'. साहेब मराठी नव्हते. त्यांच्या शेजारी तोच सुभेदार दुभाषा म्हणून उभा होता. साहेबांनी अर्ज बाजूला ठेवला आणि आक्काला विचारलं, नक्की काय झालं? आक्का सुरू झाली, "साहेब, माझ्या हातनं पोहरा—"

"नाही," मी म्हटलं. "पोहरा पडला नव्हता. मी डोकं धूत होते."

मामांनी मान खाली घातली. पोलीस पाटील माझ्याकडे असं बघायला लागले, जणू मी भर कचेरीत पदर टाकला होता. सुभेदाराने साहेबांना सांगितलं. साहेबांना वाटलं त्याचं काहीतरी चुकतंय, म्हणून त्यांनी पुन्हा विचारलं. सुभेदाराने पुन्हा सांगितलं. मग साहेबांनी मला एक प्रश्न विचारला, तो सुभेदाराने जरा अवघडून माझ्यापर्यंत पोचवला. "त्याआधी किती दिवस धुतलं नव्हतं, विचारतायत."

"दीड महिना."

साहेबांनी कागद ओढला आणि लिहायला घेतलं.

परवानगी मिळाली. रोज सकाळी दोन तास. प्रत्येक घरातल्या एका बाईला नंबर असलेला पत्र्याचा बिल्ला. हद्दीवर जवान बिल्ले बघून आत सोडणार, शिट्टी झाली की बाहेर यायचं, आणि एक जरी बिल्ला कमी भरला तर त्या दिवशी तोफा सुरू होणार नाहीत. तोवर कुणी हिशेबात धरलं नव्हतं की आम्ही आत असू शकतो. आता आम्ही मोजलेल्या माणसांत आलो. शिट्टीवर आत, शिट्टीवर बाहेर.

परतीच्या वाटेवर आक्का माझ्यावर भडकली. त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदाच. "तुला कुनी सांगितलं हुतं मधी बोलायला? मी निभावून नेलं असतं. आता गाव तुला जगू देणार न्हाई."

"तुला तरी कुठं जगू देत होतं?"

"माझं काय, मला लेकरू हाय. मला कोन हाकलतंय? तुझी अजून कूस उजवली न्हाई. तुला माघारी धाडलं असतं त्यांनी, कळतंय का?"

तेव्हा मला समजलं की तिने ते खोटं का उचललं होतं. मी रस्त्यातच उभी राहिले. ती पुढे निघून गेली, पण थोड्या अंतरावर थांबली, मी येईपर्यंत.

मामा घरी काही बोलले नाहीत, पण पोलीस पाटलांनी संध्याकाळच्या आत गावभर केलं. माझं नाव 'न्हाणारी' पडलं. पुढे कितीतरी वर्षं ते टिकलं. मी दोन दिवस वाट बघून शेवटी स्वतःच आत्याबाईंपुढे जाऊन बसले. म्हटलं, जे काय बोलायचं ते बोला.

त्या निवडत असलेल्या ज्वारीतून हात न काढता म्हणाल्या, "मला पहिल्याच दिशी कळलं हुतं. समद्या गावात न्हालेलं डोस्कं तुझंच हुतं. केस भुरभुर उडत हुते."

"मग बोलला का नाहीत?"

"थोरलीनं झाकलं, मी कशाला उघडू?" मग जरा वेळाने, "पन तिला अंगठा द्यायला लावलास, ते बरं न्हाई केलं."

मला कुणी माघारी धाडलं नाही, पण माहेरपणालाही धाडलं नाही. बिल्ला माझ्या नावावर होता. तो उन्हाळा संपेपर्यंत मी रोज सकाळी शिट्टीची वाट बघत त्या दगडांशी उभी राहिले. आक्का घरी बाळाजवळ राहायची. तिने पुन्हा कधी बारवेत पाऊल टाकलं नाही.

पुढच्या वर्षी पाऊस झाला, गावच्या विहिरींना पाणी आलं, आणि एक दिवस जवान घरोघर फिरून बिल्ले परत घेऊन गेला; हद्दीवरचा पहाराही उठला. काही महिन्यांनी हद्दीवर काटेरी तार आली. गावाला त्याचं काही वाटलं नाही. आता आत कुणाचं काम नव्हतं.

काम होतं ते एकट्या मामांचं, हे आमच्या कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. बावटा खाली असताना ते अधूनमधून त्या मारुतीच्या चौथऱ्यापर्यंत जाऊन येत, गुरं वळायला गेलो होतो म्हणून सांगत. तार आल्यावर ते बंद झालं. एका दुपारी त्यांनी मला पुन्हा कागद घेऊन बसवलं. मी पहिल्यासारखाच मायना लिहिला. वर्षातून एक दिवस आत जाण्याची परवानगी मिळावी, इथवर आलं. मग मी विचारलं, "मामा, कारण काय लिहू?"

त्यांच्या मनात जे होतं त्याला अर्जातला शब्द सापडेना. शेवटी म्हणाले, "लिही, बघायचं हाय."

मी तेच लिहिलं. महिन्याने उत्तर आलं, टाइप केलेलं. गावात पाण्याची सोय झाली असल्याने परवानगीचं कारण उरलेलं नाही. मी त्यांना ते वाचून दाखवलं. त्यांनी कागद माझ्याकडून घेतला, चार घड्या करून मुंडाशात खोचला आणि बैलांना पेंड घालायला उठले.